कोरियनची पहिली पुस्तकं: दोन वर्षांत काय हाताशी राहिलं, काय कपाटात गेलं

भाचीची दहावीची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने मला कार्टचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात कोरियन शिकायची सात पुस्तकं, वर फ्लॅशकार्डचा एक डबा, आणि खाली मेसेज, मावशी यातलं काय घेऊ. मी तिला लगेच फोन केला आणि म्हटलं थांब, सात नको, पुस्तक एकच घेऊ, पण कुठलं आणि का ते मी नीट लिहून देते. ते लिहिता लिहिता वाटलं की तिच्यासारख्या बऱ्याच जणांना हे उपयोगी पडेल, म्हणून इथे टाकतेय.

मी रांजणगाव एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्याकडे कोरियन साहेब लोकांचं येणं-जाणं असतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी शिकायला घेतलं. क्लास परवडला नसता आणि वेळही नव्हता, वाघोलीहून कंपनीची बस पकडायची, जायला तासभर यायला तासभर, तोच माझा अभ्यासाचा वेळ. त्यामुळे जे काही सांगतेय ते स्वतः शिकणाऱ्या, नोकरी किंवा शाळा सांभाळून रोज तासभर देऊ शकणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगतेय.

सगळ्यात आधी, ज्या पुस्तकात कोरियन वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहिलीयत ते घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकले. माझं पहिलं पुस्तक ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, तीस दिवसांत कोरियन असं काहीसं नाव, साडेतीनशे रुपये. आलं तेव्हा झेरॉक्स निघालं, अक्षरं पुसट, अक्षराच्या खाली जे व्यंजन बसतं तेच बऱ्याच पानांवर उडालेलं, आणि ऑडिओचा क्यूआर कोड स्कॅनच होईना. पण छपाई चांगली असती तरी ते पुस्तक वाईटच होतं, कारण त्यात सगळं इंग्रजी स्पेलिंगवर चालवलं होतं. इंग्रजीत ई-ओ लिहिलं की आपण ते एओ वाचतो, खरा उच्चार साधारण ऑ असतो. आपण ज्याला ह्युंदाई म्हणतो ते कोरियन माणसाच्या तोंडून ह्यॉन्दे असं येतं, त्याचा अर्थ आधुनिक. तीन आठवडे मी चुकीचे उच्चार पाठ केले आणि ते जिभेवरून काढायला नंतर तीन महिने गेले.

(इथे मी कोरियन शब्द देवनागरीत लिहितेय कारण वाचणाऱ्या सगळ्यांना हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, येत नसणार. वहीत मात्र असं करू नका, आपली लिपी बरीच जवळ जाते पण सगळे स्वर तिच्यात बसत नाहीत.)

हंगुल शिकायला पुस्तक विकत घ्यायची गरजच नाहीये. कोरियाच्या राजा सेजोंगने ही लिपी 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांसमोर आणली, साध्या माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून. तेव्हाच्या ग्रंथातच म्हटलंय की हुशार माणूस सकाळ सरायच्या आत ही शिकेल आणि मंद माणूसही दहा दिवसांत शिकेल. मला चार संध्याकाळी लागल्या. मूळ अक्षरं 24, 14 व्यंजनं आणि 10 स्वर, जोड आणि दुहेरी धरून 40 होतात. हाऊ टू स्टडी कोरियन या साइटवर युनिट झिरो आहे त्यात हे सगळं फुकट शिकवलंय, आवाजासकट. तिथून शिका आणि लिहायला घ्या गणिताची चौकटीची वही. हो, पहिलीच्या मुलांना आकडे लिहायला देतात तीच. कोरियन अक्षर एका चौकोनात बसतं, वर व्यंजन, बाजूला किंवा खाली स्वर, आणि तळाला आणखी एक व्यंजन, ते चौकटीत लिहिलं की आपोआप प्रमाणात येतं. रेघी वहीत माझी अक्षरं आडवी पसरायची. माझ्या सगळ्या खरेदीत सगळ्यात उपयोगी वस्तू ही वही निघाली.

आणि उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाने इंग्रजी पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. ही पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली, त्यांना क आणि ख यातला फरक वेगळा समजवावा लागतो, कारण त्यांच्याकडे त्याला वेगळी अक्षरंच नाहीत. मग पान पान भरून लिहितात की तोंडासमोर कागद धरा, तो हलला पाहिजे वगैरे. आपल्याकडे ख, छ, थ, फ बालवाडीपासून आहेत! कोरियनमध्ये ताल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा आणि त्ताल म्हणजे मुलगी. थाल आपल्याला पहिल्या दिवशी जमतं. पुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत, प्पुल म्हणजे शिंग, यातलं फुल आपलं दोन ओठांचं, फ्रीजमधला फ नाही. आपल्याला अवघड जातो तो साधा ताल, कारण तो शब्दाच्या सुरुवातीला त आणि थ यांच्या मधे कुठेतरी असतो आणि आवाज जरा खालून येतो, आणि त्ताल मध्ये घसा आवळून त म्हणायचा. म्हणजे आपली अडचण वेगळ्या जागी आहे आणि ती कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही. म्हणून ऑडिओ नसलेलं पुस्तक कितीही स्वस्त असलं तरी नको.

आता ऑडिओचाच विषय निघालाय तर टॉक टू मी इन कोरियन, कोरियन शिकवणाऱ्या ऑडिओ धड्यांची मालिका, जिला सगळे टीटीएमआयके म्हणतात. 2009 पासून चालू आहे. माझ्या बसच्या तासाचा हा खरा सोबती. पहिल्या लेव्हलला 25 धडे, पहिल्या धड्यात नमस्कार आणि धन्यवाद, दुसऱ्यात हो आणि नाही, इतकं हळू. दोघं जण गप्पा मारल्यासारखे बोलतात, एक वाक्य घेतात, फिरवतात, परत म्हणायला लावतात. पॉडकास्ट म्हणून ऐकता येतं, त्यामुळे पुस्तक न घेताही सुरुवात होते. पुस्तक आणि वर्कबुक वेगळं मिळतं, त्यातलं मी म्हणेन वर्कबुक घ्या, कारण ऐकून कळलंय असं वाटतं आणि लिहायला बसलं की कळतं काय कळलं नाही. नुसतं हेच धरून बसलं तर एक होतं, गप्पांमुळे धडा छान वाटतो पण एका धड्यात नवीन मजकूर थोडाच असतो, ज्याला भराभर पुढे जायचंय त्याचा धीर सुटेल. मला बसमध्ये अर्धवट झोपेत तेवढंच झेपायचं, म्हणून माझं जमलं.

मुख्य पुस्तक म्हणून मी भाचीला सांगितलंय ते कोरियन ग्रामर इन यूज, बिगिनिंग भाग, दाराकवॉन प्रकाशनाचं. इतकी मांडणी चांगली आहे की दिवसभर काम करून आल्यावरसुद्धा उघडावंसं वाटतं. एक व्याकरणाचा मुद्दा घेतात, आधी चित्र आणि दोन-तीन वाक्यं, मग नियम आणि क्रियापद कसं बदलतं त्याचा तक्ता, मग छोटा संवाद, मग सोडवायला प्रश्न. दोन-चार पानांत एक मुद्दा संपतो. सरमिसळ होणारे दोन मुद्दे असतील तर फरक शेजारी शेजारी ठेवून दाखवतात, हे मला फार आवडलं. फक्त हे लक्षात घ्या की हे धड्यांची गोष्ट पुढे नेणारं पाठ्यपुस्तक नाही, व्याकरणाचं पुस्तक आहे, शब्द आपोआप वाढत नाहीत, ते दुसरीकडून आणायचे. आणि बाहेरून येणारी पुस्तकं स्वस्त नसतात, तरी ओरिजिनलच घ्या, माझ्या साडेतीनशेचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

ज्यांना पुस्तकावर खर्च नकोच त्यांच्यासाठी तीच हाऊ टू स्टडी कोरियन साइट पुढेही चालते. प्रत्येक धड्याला आधी शब्दांची यादी, मग लांबलचक स्पष्टीकरण. लिहिणारा कुठलीच गोष्ट असंच असतं म्हणून सोडून देत नाही, का ते सांगतो. माझ्यासारखीला, जिला का कळल्याशिवाय चैन पडत नाही, तिला हे सोनं आहे. पण पहिले काही धडे तो क्रियापदं डिक्शनरीत असतात तशाच रूपात वापरतो, बोलण्यातलं रूप नंतर येतं, म्हणजे दोन आठवडे शिकून तुम्ही एकही वाक्य कोणाला बोलून दाखवू शकत नाही. माझी भाची तेवढ्यात कंटाळेल, ती पहिल्याच दिवशी कोणाला तरी आन्न्यॉंगहासेयो म्हणणारी मुलगी. म्हणून तिला टीटीएमआयके आधी, हे नंतर.

किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन कोर्स पण फुकट आहेत, कोरियन सरकारच्या पाठबळावर चालणारी संस्था, दिल्लीत लाजपतनगरला जे कोरियन कल्चरल सेंटर आहे तिथेही भाषा शिकवतात. त्यांची आणि कोरियातल्या विद्यापीठांची, म्हणजे सोगांग, योन्से वगैरेंची पुस्तकं चांगलीच आहेत, पण ती वर्गात शिक्षक आहे असं धरून लिहिलेली. सूचनाही बऱ्याचदा कोरियनमध्येच. सोगांगचं एक पुस्तक ओळखीच्या एका मुलीकडून आणून बघितलं, बोलण्याचा सराव फार सुरेख, पण समोर बोलायला माणूस पाहिजे, मी आरशासमोर किती बोलणार. क्लास लावणार असाल तर ते म्हणतील तेच घ्या, एकटे शिकणार असाल तर सुरुवातीला नको.

मराठीतून लिहिलेलं काही मिळेल म्हणून मी अप्पा बळवंत चौकात एक पूर्ण शनिवार घालवला. जर्मन, जपानी, फ्रेंच दिसलं. कोरियनचं मराठीतून नीट क्रमाने शिकवणारं पुस्तक मला तरी सापडलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण कोरियन वाक्य इंग्रजीतून समजून घेणं म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालणं आहे. इतकं का म्हणते ते सांगते.

एके दिवशी ग्रामर इन यूजमध्ये एक मुद्दा आला, क्रियापदाला बोदा जोडायचं, त्याचा अर्थ ट्राय करणं. बरं, पाठ करू म्हटलं. उदाहरण होतं मॉगॉ बोसेयो. मॉगॉ म्हणजे खाऊन, बोदा म्हणजे बघणे. खाऊन बघा! मी बसमध्ये जोरात हसले, शेजारची बाई बघायला लागली. इंग्रजीत अर्धं पान समजावून सांगितलंय की इथे बघणे या क्रियापदाचा डोळ्यांनी बघण्याशी संबंध नाही, प्रयत्न करण्याशी आहे, आणि आपण रोज म्हणतो, करून बघ, विचारून बघ, घालून बघ. मग मी मागे लागले. हे जुसेयो, करून द्या, यातलं हे कोरियन, म्हणजे करून, आणि जुदा म्हणजे देणे. पुढच्या पातळीवर येतं मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो, खाऊन टाकलं, आणि तिथलं क्रियापद खरोखर टाकून देणे याच अर्थाचं आहे. मुनल यॉरॉ नोआस्सॉयो, दार उघडून ठेवलं, आणि नोथा म्हणजे ठेवणे. एकेक शब्द जागच्या जागी! माझ्या आईने म्हणावं तसं वाक्य.

तसंच आवडण्याचं. चॉनन छेगी जोआयो, मला पुस्तक आवडतं, छेक म्हणजे पुस्तक. इंग्रजीत आय लाइक म्हटलं की मी कर्ता, आणि मग पुस्तकाला कर्त्याचा प्रत्यय का लागला यावर स्पष्टीकरण द्यावं लागतं. मराठीतही आवडतं ते पुस्तकच, पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. आणि मला धाकटा भाऊ आहे, चॉनन तोंगसेंगी इस्सॉयो, इथेही आहे हेच क्रियापद, हॅव नावाची भानगडच नाही. क्रियापद शेवटी येतं हे तर सांगायलाच नको.

अजून एक, काम्साहाम्निदा. लिहिताना हाप-नि-दा लिहितात, वाचताना हाम्निदा. पुस्तकात याला नासलायझेशन की काय मोठं नाव आणि तक्ता. आपण आठवीत काय केलं, वाक् अधिक मय वाङ्मय, जगत् अधिक नाथ जगन्नाथ, पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. तोच नियम! हाप मधला प पुढच्या न मुळे म झाला. शाळेतल्या व्यंजनसंधीचा मला चाळीसाव्या वर्षी इतका उपयोग होईल असं आमच्या मराठीच्या बाईंनाही वाटलं नसेल.

म्हणून माझी पद्धत अशी ठरली की पुस्तक इंग्रजी असलं तरी समासात प्रत्येक उदाहरणाच्या बाजूला मराठी वाक्य लिहायचं, इंग्रजी भाषांतराचं मराठी नाही, थेट कोरियनचं मराठी. जिथे जुळत नाही तिथे फुली. फुल्या असतात, नाही असं नाही. आकडे बघा, कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच, तास एका संचात आणि मिनिटं दुसऱ्या संचात. साडेतीन म्हणायचं तर से शी सामशिप पुन, यातलं से आणि साम दोन्ही म्हणजे तीनच. इथे मराठीचा काही उपयोग नाही, घोकायचं.

ॲपबद्दल भाचीने विचारलंच होतं. मी एक प्रसिद्ध खेळासारखं ॲप सात-आठ महिने केलं, रोजची साखळी तुटू नये म्हणून रात्री साडेअकराला डोळे चोळत करायचे, आणि सात-आठ महिन्यांनी ऑफिसमध्ये साहेब समोर आले तर तोंडातून नमस्कारापलीकडे काही निघेना. कारण त्यात पर्याय समोर असतात, आपण फक्त ओळखतो, आठवून काढत नाही. त्यापेक्षा अंकी हे फ्लॅशकार्डचं ॲप घ्या, दिसायला रुक्ष आहे पण अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, विसरायच्या बेताला आलेला शब्द बरोबर पुन्हा समोर आणतं. दुसऱ्यांनी बनवलेली हजार शब्दांची यादी उतरवू नका, तुमच्या धड्यातले रोज दहा शब्द स्वतः टाका. आणि नेवर डिक्शनरी फोनमध्ये हवीच, उच्चार ऐकता येतो.

या डिक्शनरीची एक आठवण सांगते. आमच्या स्टोअरमध्ये कोरियाहून आलेल्या खोक्यांवर लाल अक्षरांत चार अक्षरी काहीतरी छापलेलं असतं, वर्षानुवर्षं मी ते बघत होते. हंगुल आल्यावर एक दिवस बिल तपासायला खाली गेले आणि उभी राहून जुळवत जुळवत वाचलं, छ्वी-गप-जु-इ. डिक्शनरीत टाकलं, हाताळताना जपून. पुस्तकाबाहेर वाचलेले ते माझे पहिले शब्द. स्टोअरच्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले मॅडम आम्हाला माहितीये, काचेच्या ग्लासचं चित्र काढलंय की शेजारी. पण मला त्या दिवशी झालेला आनंद मी विसरणार नाही.

भाचीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण ती सगळं ड्रामा बघून उचलते. ड्रामात मित्र-मैत्रिणी एकमेकांशी जे बोलतात ते बानमाल, म्हणजे आपलं अरे-तुरे. ते मोठ्या माणसाशी बोललात तर मुख्याध्यापकांना काय रे जेवलास का विचारल्यासारखं होतं. चांगलं पुस्तक पहिल्यापासून वाक्याच्या शेवटी आदराचा यो लावून बोलायला शिकवतं आणि कुठलं रूप कोणाशी ते सांगतं. घेताना पाच-सहा पानं चाळा आणि हे दिलंय का बघा. तुम्ही असा शब्दसुद्धा ते सहसा टाळतात, हुद्द्याने हाक मारतात, आमच्याकडे बुजांगनिम म्हणतात, आपण साहेब म्हणतो तसं. याबाबतीत मराठी घरात वाढलेल्या मुलांना कान आधीच आहे, फक्त तो वापरायचा.

तिला कोरियन भाषा किती येते ते तपासणारी परीक्षा द्यायचीये, टोपिक. पहिल्या टप्प्याला टोपिक वन, 200 मार्कांची, ऐकण्याचे 30 प्रश्न 40 मिनिटांत, वाचनाचे 40 प्रश्न 60 मिनिटांत, निबंध वगैरे नाही. 80 मिळाले की लेव्हल एक, 140 मिळाले की लेव्हल दोन. यासाठी आत्ता गाईड विकत घ्यायचं काही कारण नाही, जुने पेपर टोपिकच्या साइटवर ऑडिओसकट मिळतात, सहा महिन्यांनी एक सोडवून बघ आणि मग ठरव.

तर तिचं कार्ट रिकामं केलं. एक ग्रामर इन यूज मागवलं, दोन चौकटीच्या वह्या तिच्या घराखालच्या दुकानातून घेतल्या, टीटीएमआयकेचे धडे फोनवर लावून दिले. लेव्हल एकचं माझं वर्कबुक मी पेन्सिलीने सोडवलं होतं, ते रविवारी बसून पूर्ण खोडलं, समासातली मराठी वाक्यं मात्र तशीच ठेवलीयत.